दुसरी प्रत



स्मृतिव्याख्यानाला विषय भारदस्त हवा, असा आपल्याकडे संकेत आहे. आजचा विषय आठ बाय दहाच्या गाळ्यात मावतो. समोर काउंटर, काउंटरच्या काचेखाली दरपत्रक, मागे घरघरणारं यंत्र आणि बाहेर रंगवलेली पाटी: झेरॉक्स, लॅमिनेशन, स्पायरल बायंडिंग, पासपोर्ट फोटो, एसटीडी, आयएसडी, पीसीओ, फॅक्स. यातले शेवटचे चार शब्द इतिहासजमा झाले. पहिला शब्द तालुक्याच्या कुठल्याही गावी कोर्टाच्या, तहसिलीच्या आणि कॉलेजच्या फाटकासमोर अजून दिसतो. पण त्यामागचं काम बदललं आहे, आणि ज्या पिढीने विद्यार्थीदशेत या काउंटरपुढे ताटकळत दिवस काढले ती आता त्यांच्या आठवणी काढू लागली आहे. हातात येणारा कोमट कागद, झाकणाच्या फटीतून सरकत जाणारी हिरवट तिरीप, दुकानदाराची काळी बोटं आणि ‘दोन मिनिटं थांबा, पेपर अडकलाय’ हे पालुपद.

आठवणी गोड आहेत आणि त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण त्या दुकानाने सामान्य माणसाच्या पदरात नेमकं काय टाकलं, याचा हिशेब सहसा मांडला जात नाही. तो मांडायचा तर यंत्र येण्याआधी प्रत कोण काढत होतं आणि कुणाच्या परवानगीने, इथपासून सुरुवात करावी लागते.

महाराष्ट्राला प्रतींचं वेड जुनं आहे. रामदासी मठांत दासबोधाच्या नकला उतरवल्या जात. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत उतरवून जपले. हाताने उतरवताना पाठ बिघडतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तो याच कारणाने. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगावची दफ्तरं धुंडाळत हिंडले, कागद गोळा केले, उतरवून घेतले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड निघू लागले. या सगळ्यांत प्रत काढणारा माणूस व्यासंगी होता, नाहीतर साधक तरी होता. ज्याला लिहिता येत नव्हतं, त्याच्या हातात दुसरी प्रत येण्याचा प्रश्नच नव्हता.

सरकारी कागदाची तऱ्हा वेगळी. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातल्या ७६ व्या कलमाने सार्वजनिक दस्तऐवजाची प्रमाणित नक्कल फी भरून मागण्याची सोय केली. ही सोय मोठीच होती, पण तिचा रस्ता नक्कल विभागातून जात होता. अर्ज करायचा, स्टँप लावायचा, तारीख घ्यायची, त्या तारखेला जायचं, पुढची तारीख घ्यायची. आपल्याच जमिनीचा, आपल्याच खटल्याचा, आपल्याच बापाच्या जन्माचा कागद. पण त्याची प्रत ‘देणारा’ एक आणि ‘मागणारा’ दुसरा. शेतकऱ्याच्या तोंडी ‘तलाठ्याने उतारा दिला’ हे वाक्य येतं, त्यातलं क्रियापद खरं आहे.

खासगी कामासाठी कार्बन पेपर होता. टंकलेखन यंत्रात तीन-चार कागद घातले की शेवटची प्रत वाचायला भिंग लागे. त्याहून जास्त प्रती हव्या असतील तर सायक्लोस्टाइल. फीत बाजूला सारून मेणाच्या स्टेन्सिलवर टंक उमटवायचे, चुकलं तर दुरुस्तीच्या द्रवाने भोक बुजवायचं, स्टेन्सिल गेस्टेटनर यंत्राच्या रुळावर चढवून दांडा फिरवायचा. संस्थांच्या इतिवृत्तांपासून कामगार संघटनांच्या पत्रकांपर्यंत सगळं यावर निघालं. पन्नाशीच्या दशकात मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ या तरुणांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइलवरच काढलं. आणीबाणीत भूमिगत पत्रकं निघाली तीही बरीचशी अशीच. पण सायक्लोस्टाइलला आधी स्टेन्सिल कापावी लागे, म्हणजे मजकूर नव्याने टंकावा लागे. समोर असलेला कागद जसाच्या तसा, सही-शिक्क्यासकट, अंगठ्याच्या ठशासकट दुसऱ्या कागदावर उतरवणं तिला जमणारं नव्हतं.

ते जमवलं न्यूयॉर्कच्या एका पेटंट कचेरीतल्या माणसाने. चेस्टर कार्लसन याचं कामच कागदांच्या प्रतींत गुंतलेलं. नकाशे आणि मजकूर यांच्या प्रती कधी पुरेशा नसत; फोटो काढून घेणं महाग, पुन्हा टंकून घेणं वेळखाऊ. त्यात संधिवात आणि अधू दृष्टी, त्यामुळे हाताने उतरवणं नकोसं. २२ ऑक्टोबर १९३८ या दिवशी क्वीन्समधल्या अ‍ॅस्टोरिया भागात भाड्याच्या खोलीत त्याने आणि ऑटो कॉर्नाय या सहकाऱ्याने गंधकाचा लेप दिलेली जस्ताची पट्टी घेतली. खोलीत अंधार केला, पट्टी रुमालाने घासून तिच्यावर विद्युतभार आणला. काचेच्या पट्टीवर शाईने तारीख आणि ‘अ‍ॅस्टोरिया’ हे नाव लिहिलं होतं. ती काच वर ठेवून काही सेकंद प्रखर दिवा धरला. काच काढली, पट्टीवर लायकोपोडियमची भुकटी भुरभुरली आणि हलकी फुंकर मारली. उजेड पडला तिथला भार उतरला होता, अक्षरांच्या सावलीत तो टिकला होता. भुकटी तेवढ्याच जागी चिकटून राहिली. मेणकागद दाबून गरम केल्यावर तारीख आणि गावाचं नाव कागदावर आलं.

पुढे कित्येक कंपन्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. १९४४ मध्ये बॅटेल या संशोधन संस्थेने आणि नंतर रॉचेस्टरच्या हॅलॉइड कंपनीने हात दिला. हॅलॉइडचीच पुढे झेरॉक्स कंपनी झाली. १९५९ च्या सप्टेंबरमध्ये ‘९१४’ हे यंत्र जगापुढे आलं. नऊ बाय चौदा इंचांपर्यंतचा कागद ते घेई म्हणून हे नाव. वजन जवळजवळ तीनशे किलो. ते इतकं तापत असे की सोबत आग विझवण्याचं छोटं साधन दिलं जाई आणि विक्रेते त्याला सोज्ज्वळपणे ‘करपू न देणारं’ म्हणत. यंत्र विकत घ्यायची गरज नव्हती. महिना ९५ डॉलर भाडं आणि ठरावीक प्रतींनंतर प्रत्येक प्रतीला काही सेंट. पानागणिक पैसे ही कल्पना तिथून आली, आणि आपल्या गल्लीतल्या दुकानाचा अख्खा संसार पुढे तिच्यावर चालला.

भारतात ही यंत्रं आधी मोठ्या कंपन्यांत आणि सरकारी कचेऱ्यांत बंदोबस्तात राहिली. १९८३ मध्ये मोदी समूह आणि रँक झेरॉक्स यांनी मिळून मोदी झेरॉक्स ही कंपनी काढली आणि उत्तर प्रदेशात रामपूरला उत्पादन सुरू झालं. त्याच दशकात १९८४ मध्ये सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने सी-डॉट ही दूरसंचार संशोधन संस्था उभी राहिली आणि पुढच्या काही वर्षांत पिवळ्या पाट्यांचे टेलिफोन बूथ चौकाचौकात आले. बूथ देताना अपंगांना प्राधान्य असे. काचेची कपाटवजा खोली, बिल छापणारं छोटं यंत्र, आणि शेजारी उरलेल्या चार फुटांत कर्ज काढून घेतलेलं झेरॉक्सचं यंत्र, हे जोडदुकान नव्वदीच्या दशकात स्वयंरोजगाराचं हमखास उत्तर झालं. परदेशातल्या कचेऱ्यांनी काढून टाकलेली जुनी यंत्रं दुरुस्त होऊन येऊ लागली तसा हा धंदा तालुक्याच्या खालीही उतरला. कॅनन, रिको, शार्प, कुठल्याही कंपनीचं यंत्र असो, पाटीवर झेरॉक्सच.

दुकानात येणारे लोक कोण होते? सगळेच. कोर्टासमोर वकिलाचा कारकून पन्नास पानांचा दावा घेऊन येई आणि ‘चार सेट, लीगलवर’ एवढंच बोले. तहसिलीसमोर पिशवीतून सातबारा, आठ-अ आणि शिधापत्रिका काढून काउंटरवर मांडणारा शेतकरी. रविवारी सकाळी मुलीची पत्रिका आणि बायोडाटा दहा-दहा प्रतींत काढून वधू-वर सूचक मंडळाकडे निघालेले वडील. घटक चाचणीच्या आदल्या दिवशी हस्तलिखित प्रश्नपत्रिका घेऊन आलेल्या बाई, ज्या यंत्राकडे पाठ करून एक क्षणही उभ्या राहत नसत. भजनी मंडळाची अभंगांची वही, गणेशोत्सव मंडळाचा जमाखर्च, बिल्डरच्या नकाशाची लहान केलेली प्रत.

दुकानदाराला आख्ख्या गल्लीची खबर असे, आणि ती त्याने बाहेर बोलायची नाही हाही अलिखित नियम असे. कुणाच्या घरात वाटणीचा दावा लागला, कुणाचा रक्ताचा रिपोर्ट बिघडला, कुणाचा मुलगा कुठल्या विषयात गेला, हे सगळं त्याच्या हाताखालून जाई. चांगला दुकानदार कागद पालथा घेऊन पालथाच परत करी.

त्याच्या कसबाची एक बारीक जागा पाहण्यासारखी आहे. ओळखपत्राच्या दोन्ही बाजू एकाच पानावर घ्यायच्या असतात. कार्ड काचेच्या वरच्या अर्ध्या भागात ठेवायचं, खालचा भाग कोऱ्या कागदाने झाकायचा, प्रत काढायची. तोच कागद फिरवून परत ट्रेमध्ये घालायचा, कार्ड उलटं करून दुसऱ्या जागी ठेवायचं आणि पुन्हा बटण दाबायचं. दिशा चुकली तर मागची बाजू उलटी छापून येते. नवशिक्याचे पहिले दोन कागद वाया जात. मुरलेला माणूस गिऱ्हाइकाशी भावावरून हुज्जत घालत असतानाही हे न पाहता करी. फिकट कागद ‘डार्क’ करायचा पण शिक्का काळा होऊ द्यायचा नाही, जाड पुस्तक शिलाई न उसवता काचेवर दाबायचं, घडीवर फाटलेला जुना दाखला कोऱ्या पानाच्या आधाराने सरकवायचा, हे सगळं त्याच हाताचं शिक्षण. आणि काउंटरच्या कोपऱ्यात खिळ्याला अडकवलेला एक गठ्ठा असे: लोक झाकणाखाली विसरून गेलेल्या मूळ प्रती. गुणपत्रिका, वाहन परवाने, एखादं मृत्युपत्रसुद्धा. घाईत प्रत सांभाळून नेणारा आणि मूळ कागद यंत्रातच ठेवून जाणारा माणूस या धंद्यात रोजचा.

प्रत मिळाली तरी तिला किंमत यायला शिक्का लागे. ‘सत्यप्रत’ असा रबरी शिक्का, त्याखाली राजपत्रित अधिकाऱ्याची बहुधा हिरव्या शाईतली सही. अधिकारी ओळखीचा नसेल तर विशेष कार्यकारी अधिकाऱ्याचं, म्हणजे एसईओचं, घर शोधायचं. एसईओंच्या ओसरीवर जूनमध्ये मुलांची रांग लागे. यंत्राने मिळवून दिलेली मोकळीक सहीने पुन्हा थोडी काढून घेतली होती. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये स्वयंसाक्षांकनाला मान्यता दिली आणि ही रांग मोडली. ज्याचा कागद त्यानेच त्याची प्रत खरी असल्याचं लिहून द्यायचं, इतकी साधी गोष्ट व्हायला एवढी वर्षं जावी लागली.

ज्यांच्या घरात कागदाची परंपराच नव्हती त्यांना या यंत्राचा उपयोग सर्वांत जास्त झाला. जातवैधता प्रमाणपत्र काढायचं तर मानीव दिनांकापूर्वीचा पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेआधी आजोबा शाळेत गेले असतील तर प्रवेश-निर्गम उतारा, नाहीतर कोतवाल बुकातली जन्माची नोंद, नाहीतर गाव नमुन्यातला एखादा फेरफार. असा एक कागद सापडला की तो साऱ्या भावकीचा होतो. चुलतभावांची मुलं, आत्याच्या सासरची नको पण सख्ख्या काकांची सगळी, प्रत्येकजण त्याची झेरॉक्स मागायला येतो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली तेव्हा मोडीतल्या नोंदींच्या प्रती गावागावांतून अशाच फिरल्या. पूर्वी वतनदाराच्या माडीवर दफ्तर असे. आता भूमिहीनाच्या घरातही पत्र्याच्या पेटीत एक फाइल असते आणि तिच्यात प्रत्येक कागदाच्या तीन-तीन प्रती असतात.

प्रत मागण्याचा हक्क हा राजकीय प्रश्न आहे, हे मात्र स्पष्टपणे पुढे आणलं राजस्थानातल्या मजुरांनी. मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना गावी पहिली जनसुनवाई घेतली. दुष्काळी कामांचे हजेरीपट आणि बिलं गावापुढे वाचून दाखवली. कागदावर काम झालं होतं, जमिनीवर नव्हतं. कागदावर मजुरी पोहोचली होती, हातात नव्हती. ५ एप्रिल १९९५ रोजी मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी विधानसभेत सांगितलं की फी भरून अशा कागदांच्या फोटोकॉपी मिळतील. वर्ष उलटलं, आदेश निघाला नाही. एप्रिल १९९६ मध्ये ब्यावरच्या बाजारपेठेत धरणं सुरू झालं. त्याच सुमाराला सरकारने आदेश काढला खरा, पण त्यात कागद पाहायची मुभा होती, फोटोकॉपीची नव्हती. आंदोलकांनी तो नाकारला आणि धरणं ४० दिवस चाललं.

एवढा हट्ट कशासाठी, असं एखाद्याला वाटेल. पाहून टिपलेल्या मजकुरावर अधिकारी म्हणू शकतो, ‘तुम्ही चुकीचं उतरवलंत.’ फोटोकॉपीत हजेरीपटावरचा अंगठा दिसतो, सही दिसते, मेलेल्या माणसाच्या नावापुढची हजेरीची खूण दिसते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात माहितीच्या हक्काची व्याख्या करताना पाहणी, टिपणं, उतारे आणि प्रमाणित प्रती हे सगळं स्वतंत्रपणे लिहिलं गेलं, त्यामागे ब्यावरचा तो रस्ता आहे. महाराष्ट्राने त्याआधीच २००२ मध्ये स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता. आज आपल्याकडे अर्जाला दहा रुपये आणि पानाला दोन रुपये पडतात. ज्या कागदासाठी कारकुनाच्या मिनतवाऱ्या केल्या जात, त्याचा दर नियमात छापला गेला.

पुस्तकांच्या बाबतीतला सामना दिल्लीत झाला. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात विद्यापीठाच्या परवान्याने चालणारं रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस हे दुकान होतं. प्राध्यापकांनी नेमलेली प्रकरणं वेगवेगळ्या पुस्तकांतून घेऊन, त्यांचा गठ्ठा बांधून ते विद्यार्थ्यांना पानाला रुपयाच्याही आत देई. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दुकानावर आणि विद्यापीठावर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. ऑक्टोबरमध्ये अंतरिम मनाई आली. विद्यार्थी संघटना बांधून खटल्यात उतरले. अमर्त्य सेन यांनी प्रकाशकांना पत्र लिहून दावा मागे घेण्याची विनंती केली. ज्यांची पुस्तकं कॉपी झाल्याची तक्रार होती, त्यांतले अनेक लेखकच दुकानाच्या बाजूने उभे राहिले.

१६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. कॉपीराइट कायद्याच्या ५२(१)(आय) कलमाने अध्यापनाच्या ओघात केलेल्या प्रतींना मोकळीक आहे, असं त्यांनी धरलं. आपल्या विद्यार्थीदशेत मुलं ग्रंथालयात पाळीपाळीने बसून प्रकरणंच्या प्रकरणं हाताने उतरवत, याची आठवणही त्यांनी निकालात काढली; जे हाताने चालत होतं ते यंत्राने केल्यावर गुन्हा कसा होईल, हा त्यातला रोख. डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठाने या कलमाचा तोच अर्थ कायम ठेवला, पण नेमका कुठला मजकूर अध्यापनाला आवश्यक होता, हा प्रश्न पुन्हा खालच्या न्यायासनाकडे पाठवला. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

अमेरिकेत याच प्रश्नाचा निकाल उलटा लागला होता. पॉल ऑर्फालियाने १९७० मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बरा विद्यापीठाच्या शेजारी एका चिंचोळ्या जागेत किंकोज हे दुकान काढलं आणि त्याची देशभर साखळी झाली. विद्यार्थ्यांसाठी प्रकरणांचे गठ्ठे बांधणं हा तिचाही मोठा धंदा. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ते बेकायदा ठरवून पाच लाख दहा हजार डॉलरची भरपाई लावली. पुढे २००४ मध्ये फेडेक्सने ती साखळी विकत घेतली आणि चार वर्षांनी नावही पुसलं. दिल्लीच्या निकालाचं मोल या पार्श्वभूमीवर कळतं.

म्हणून प्रत्येक झेरॉक्स पवित्र ठरत नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकापासून सदाशिव पेठ, नवी पेठेपर्यंत स्पर्धा परीक्षांच्या मुलांची वस्ती आहे. अभ्यासिका, मेस आणि झेरॉक्स हे तिथले तीन खांब. तिथे एखाद्या क्लासच्या नोट्सच काय, बाजारात नुकतं आलेलं आख्खं पुस्तकही स्पायरल बायंडिंग करून अर्ध्याहून कमी पैशांत मिळे. खोलीभाडं आणि मेसचा डबा भागवून महिन्याला चार पैसे उरणाऱ्या मुलाला ते सोयीचंच होतं. पण हजार प्रतींची आवृत्ती काढणाऱ्या मराठी लेखकाला आणि प्रकाशकाला त्याचा फटका बसला, आणि कॉपीराइट कायद्याचं ते कलम अशा विक्रीला पांघरूण घालत नाही. दहावी-बारावीच्या परीक्षांत तर दरवर्षी केंद्राच्या आसपासची झेरॉक्सची दुकानं बंद ठेवण्याचे आदेश निघतात. नखाएवढ्या अक्षरांत लहान केलेली ‘मायक्रो’ प्रत बाहीत कशी बसवायची, हेही याच काउंटरवर शिकलं गेलं.

आता बदलाकडे. जुन्या यंत्रात एक मोठा गुण होता: ते विसराळू होतं. ड्रमवर प्रतिमा उमटे, कागदावर उतरे, आणि लगेच ड्रम पुसला जाई. गिऱ्हाईक मूळ कागद आणि प्रत घेऊन निघालं की दुकानात त्याचं काही उरत नसे. पुढच्या पिढीतल्या डिजिटल यंत्रांत हार्ड डिस्क आली आणि यंत्र लक्षात ठेवू लागलं. मोबाइल आल्यावर कागद काचेवर ठेवायचीही गरज उरली नाही. ‘या नंबरवर पाठवा’ अशी पाटी काउंटरवर लागली. पॅन, आधार, पासबुक, सगळं दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जातं, तिथून संगणकाच्या डाउनलोडच्या खणात पडतं, प्रिंट निघते, आणि गिऱ्हाईक गेल्यावरही खणातला कागद तिथेच राहतो. पूर्वी प्रत गिऱ्हाइकाबरोबर जात असे. आता ती दुकानात मागे राहते.

हे धोके सरकारलाही ठाऊक आहेत. २०२२ च्या मे महिन्याच्या अखेरीस आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, असं पत्रक काढलं. दोनच दिवसांत, लोकांचा गैरसमज होईल म्हणून ते मागे घेण्यात आलं. मधल्या काळात हॉटेलांच्या आणि सिमकार्डाच्या दुकानांत आजवर दिलेल्या प्रती आठवून कित्येकांची झोप उडाली असणार.

दुसरीकडे प्रतीचं ठिकाणच हललं. २०१५ मध्ये डिजिलॉकर सुरू झालं. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. पंधरा रुपये भरायचे आणि उतरवून घ्यायचा. तलाठ्याच्या मागे हिंडण्यापेक्षा हे शतपटीने बरं, यात वाद नाही. २०२० च्या टाळेबंदीत कॉलेजं बंद पडली आणि प्रकरणांचे गठ्ठे टेलिग्रामवरच्या पीडीएफ झाले. कॉलेजसमोरच्या दुकानांतली निम्मी गर्दी तिथेच आटली.

पण दुकान बंद पडलं का? जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा सेतू केंद्रांपुढे आणि झेरॉक्सच्या दुकानांपुढे बायकांच्या रांगा लागल्या होत्या. पाटीवर आता ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ हे अक्षर झेरॉक्सपेक्षा मोठं असतं. त्या रांगेतल्या व्यवहाराकडे नीट पाहावं. बाई मोबाइल दुकानदाराच्या हातात देते. ओटीपी येतो, तो दुकानदार वाचतो. पासवर्ड तोच ठरवतो, बहुधा सगळ्यांना एकच, आणि आपल्या वहीत लिहून ठेवतो. काम होतं, बाई पोचपावती घेऊन जाते. पुढच्या वेळी काही दुरुस्ती करायची झाली तर तिला त्याच दुकानात यावं लागतं, कारण किल्ली तिथे आहे. नक्कल विभागाच्या खिडकीपाशी असलेला ‘देणारा’ आणि ‘मागणारा’ इथे पुन्हा समोरासमोर आले आहेत. दुकानदार भला माणूस असतो म्हणून हे निभतं. व्यवस्थेने मात्र त्या बाईच्या हातात काही ठेवलेलं नाही.

त्यामुळे झेरॉक्सच्या आठवणी काढताना गरम कागदाच्या वासाबरोबर एक मागणीही करायला हवी. कुठल्याही पोर्टलवर नागरिकाने भरलेला अर्ज, त्याला जोडलेले कागद आणि त्यावरचा निर्णय, या तिन्हींची पूर्ण प्रत त्याला तिथल्या तिथे, मागावी न लागता मिळाली पाहिजे. ओळीभराची पोचपावती पुरेशी नाही. ब्यावरला चाळीस दिवस बसलेल्या माणसांनी कागदाबद्दल जे मागितलं, तेच पडद्याबद्दल मागायचं आहे. आणि दुकानांनीही दिवसअखेर डाउनलोडचा खण रिकामा करण्याची शिस्त लावून घेतली, तर जुन्या यंत्राचा विसराळूपणा थोडाफार परत येईल.

दुसरं काम ग्रंथालयांचं आहे. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशित पुस्तकाची प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईतल्या एकासह आणखी तीन ठरावीक ग्रंथालयं यांच्याकडे पोहोचवावी लागते. पण झेरॉक्सवर वाढलेलं लेखन या कायद्याच्या जाळ्यात कधी आलंच नाही. क्लासच्या नोट्स, चळवळींची पत्रकं, भजनी मंडळांच्या वह्या, विद्यापीठीय प्रकरणांचे गठ्ठे, गल्लीतल्या मंडळांची हस्तलिखितं, हे सगळं लाखोंनी वाचलं, पण ते कुठल्या कपाटात ठेवलं गेलं नाही. टोनरची छपाई बरी टिकते. कागद हलका असेल तर पिवळा पडतो, इतकंच. लॅमिनेशन केलेला जुना दाखला मात्र प्लॅस्टिकमधून सुखरूप सोडवता येत नाही, तेव्हा घरातला मोडी कागद कुणी लॅमिनेट करायला निघालं असेल तर त्याला आजच थांबवावं. जिल्हा आणि तालुका ग्रंथालयांनी अशा प्रतींसाठी एक कपाट राखावं आणि शाळा-कॉलेजांतून निवृत्त झालेल्या शिक्षकांना, जुन्या कार्यकर्त्यांना, दुकानं बंद केलेल्या दुकानदारांना आपापले गठ्ठे आणायला सांगावं. त्या कपाटाच्या नोंदवहीत लेखक आणि प्रकाशक हे रकाने बरेचदा रिकामे राहतील. त्यांच्या जागी प्रत कुणी काढली, कुठे काढली आणि कशासाठी, असे तीन रकाने आखावे लागतील.